गाव कंचा?

जमिलाआपांची आणि माझी ओळख बंद पडलेल्या लिफ्टमध्ये झाली. अल कुसैसमधली आमची बिल्डिंग तशी बरी, पण ऑगस्ट आला की लिफ्टला फेफरं यायचं. मी फोनवर नवऱ्याला सांगत होते, "अहो, अडकलेय मी, कोणाला तरी पाठवा." शेजारी एक ठेंगणी, गोरी बाई, डोक्यावर ओढणी, हातात काळी छत्री. दुबईत छत्री! ती माझ्याकडे बघत राहिली आणि माझा फोन संपल्यावर म्हणाली, "गाव कंचा?"

"पुणे," मी म्हटलं.

"पुना शहर हाय. गाव कंचा?"

"मूळचे आम्ही सासवडकडचे."

"सासवडकडचे म्हंजे? गावाला नाव नाय?"

मग मी नाव सांगितलं. मग नदी कुठली, देऊळ कोणाचं, बाजाराला कुठे जाता, गावात मुसलमानांची घरं किती, सगळं विचारून झालं. मधेच वॉचमनने बाहेरून दार फाकवलं आणि "यल्ला मॅडम, यल्ला" म्हणत हात पुढे केला, तर आपा त्याच्यावरच खेकसल्या, "थांब रे, बोलतोय ना आमी!" माझ्या आजोळापर्यंत पोचल्यावर त्यांनी मान डोलावली. "हां. आता वळखलं." आणि लिफ्टमधून बाहेर पाऊल टाकलं.

हे त्यांचं सगळ्यांशी होतं. भाजीवाला मल्याळी असो, केमिस्ट पेशावरचा असो, शाळेची नवी प्रिन्सिपल असो. शहराच्या नावावर त्या कोणाला सुटू द्यायच्या नाहीत. "शहर काय, कोनी पन सांगल. मानूस गावावरनं कलतो," असं त्यांचं मत होतं. त्यांचं स्वतःचं गाव दापोलीच्या खाली, खाडीच्या तोंडाशी, सावरवाडी. तिथलं घर, विहीर, मशिदीमागचं आंब्याचं झाड हे मला न बघताच पाठ झालं होतं.

ऊद मेथातल्या एका भारतीय शाळेत त्या हिंदी शिकवायच्या. मिसेस परकार, हिंदी. मी तिथेच गणिताला लागले तेव्हापासून त्या माझ्या गाडीतून यायच्या. गाडी माझी, पण हुकूम त्यांचा. लेन बदल, हॉर्न मार, त्याला जाऊ देऊ नको. वीस वर्षं दुबईत काढून स्वतः लायसन्स घेतलं नव्हतं, कारण परीक्षा घेणाऱ्या माणसाशी पहिल्याच दिवशी भांडण झालं होतं. नवरा इस्माइलभाई जहाजांना माल पुरवायचे, ते गेले. मुलगा कॅनडात. आपा एकट्या राहायच्या आणि शुक्रवारी अख्ख्या मजल्याला सुकटीचा वास यायचा. कोणी तक्रार केली की त्या सुकटीचा वाडगाच घेऊन त्याच्या दारात उभ्या राहायच्या.

रागीट होत्या, हे मी आधीच सांगून टाकते. पण त्यांचा राग कधी स्वतःसाठी नसायचा. एका मुलाच्या बापाने, मोठ्या कंपनीतला मॅनेजर तो, पेरेंट्स मीटिंगमध्ये म्हटलं, "मॅम, हिंदी इज जस्ट सेकंड लँग्वेज." आपांनी चष्मा काढला. "तुमच्या ड्रायव्हरशी कंच्या भाषेत बोलता? बिल्डरशी? सासऱ्याशी?" तो टाय सरळ करायला लागला. "मग सेकंड कशी? खलास, बसा."

नूरबेगम आमच्या शाळेच्या बसवर होती. मुलांना चढवायचं, पट्टे लावायचे, उतरवून आईच्या हाती द्यायचं. बारीक अंगाची, खाली बघून हसणारी. सगळी छोटी मुलं तिला नूरू म्हणायची. ती नवी आली त्या आठवड्यात दुपारी बसपाशी आपांनी तिला गाठलं. आजूबाजूला मुलं, दोन टीचर, आणि स्टिअरिंगवर ड्रायव्हर शफीक, बांगलादेशी.

"गाँव कौनसा, बेटा?"

"चिटगाँव, मॅडम."

"चिटगाँव तो शहर है. गाँव?"

नूर हसली आणि एका मुलाची बॅग सरळ करायला लागली. आपा कसल्या सोडतायत! "अरे, नाम तो होगा! नदी कौनसी? बाजार कहाँ का?"

नूर काहीतरी पुटपुटली. तेवढ्यात शफीक खिडकीतून हसत म्हणाला, "मॅडम, इसको मत पूछो. मैं चिटगाँव का हूँ. इसकी बोली उधर की नहीं है. ये तो बर्माइया है."

बर्माइया. म्हणजे बर्मातून आलेली. तो गमतीनेच म्हणाला होता. पण नूरचा चेहरा असा पडला की मला वाटलं तिला चक्कर येतेय. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

आपांना कळायला वेळ लागला नाही. गाडीत त्या एकदम म्हणाल्या, "ती रोहिंग्या हाय गो. कललं तर तिला परत धाडतील. आनि मी मास्तरीन, भर बाजारात तिला विचारत बसले गाव कंचा!" कपाळावर हात मारून घेतला. संध्याकाळी मला घेऊन तिच्या खोलीवर गेल्या. आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडे, एका खोलीत पाच बायका. नूर दार उघडेना. आपा दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "मैंने कुछ नहीं पूछा, तूने कुछ नहीं बताया. कल बस पे आ."

तिथून त्या थेट शफीककडे. मला वाटलं आता शिमगा होणार. तर तोच हात जोडून उभा. "मॅडम, मजाक में निकल गया. मेरी भी बहनें हैं. मेरे मुँह से दुबारा नहीं निकलेगा." आणि नाही निघालं, अगदी शेवटपर्यंत. नूर परत कामावर आली. नूर आता या देशात नाही, म्हणून मी हे लिहितेय, आणि नावं अर्थातच बदलली आहेत.

त्या दिवसापासून आपांनी कोणालाच गाव विचारलं नाही. नवीन टीचर आली, बिल्डिंगमध्ये चिपळूणचं कुटुंब आलं, तरी नाही. ओठांवर आलेलं गिळायच्या. कोकणी माणसाला हे किती जड गेलं असेल!

हळूहळू नूरच बोलायला लागली. तिचा बाप आधीच्या एका पळापळीत तिला घेऊन नदी ओलांडून बांगलादेशात आला होता. तिचं लग्न चिटगावात लागलं, कागद तिथले झाले, नवरा टाकून गेला, ती इथे आली. धाकटी बहीण सबेकुन मात्र आजीपाशी बर्मातल्या आराकानातच राहिली होती. बर्माच्या लष्कराने गावं जाळली त्या वर्षी ती आजीला घेऊन लाखो माणसांच्या लोंढ्यात चिखलातून चालत आली. तेव्हापासून बांगलादेशातल्या छावणीत. बांबू, ताडपत्री, भोवती तारेचं कुंपण. बाहेर काम करायची परवानगी नाही, शिकायची धड सोय नाही, परत जायला गाव नाही. अशी किती वर्षं माणसं कोंडून ठेवायची? आणि वर विचारायचं, तिथे गुंड कसे तयार होतात!

सबेकुन झोपडीत लहान मुलींना शिकवायची. अक्षरं, बेरीज, थोडं बर्मी, थोडं इंग्लिश. हे ऐकल्यावर आपांच्या अंगात वारं भरलं. शुक्रवारी जेवणं झाली की त्या टेबलावर आंब्याच्या लोणच्याच्या बरणीला फोन टेकवून ठेवायच्या, नूरला शेजारी बसवायच्या, आणि व्हिडिओ कॉलवर सबेकुनचा क्लास घ्यायच्या. म्हणजे क्लास कसा घ्यायचा त्याचा क्लास. सबेकुनला सिनेमातली हिंदी यायची. अठरा-एकोणीसची पोर, बोलताना डोळे मोठे करायची.

"आपा, बच्चियाँ बहुत शोर करती हैं."

"तू आवाज चढाती है ना? मत चढा. नीचे ला. इतना नीचे, कि सुनने के लिए चुप होना पडे."

पुढच्या शुक्रवारी सबेकुन फोनमध्ये ओरडतच आली, "चुप हो गईं, आपा! सब चुप हो गईं!" आपांनी मला हाक मारून बोलावलं, जशी काही त्यांची विद्यार्थिनी बोर्डात आली होती. मला बरणीपुढे उभं करून म्हणाल्या, "ये गणित की टीचर है. पहाडे के लिए इसको पूछ." मग मीही अधूनमधून त्या कॉलवर असायचे.

एकदा मी विचारलं, एवढा जीव का टाकता? तर म्हणाल्या, "माजा आजा रंगूनला बोटीवर होता. लढाईत जपानी आले, तसा चालत निघाला. आराकानातनं. वाटेत एका गावात त्याला ताप भरला. तिथल्या मुसलमानांनी ठेवून घेतला, भात घातला, बरा झाल्यावर होडीत बसवून दिला. त्याला त्या गावाचा नाव ठावं नव्हता. मरेपर्यंत बोलायचा, नाव विचारायचा र्‍हायला." म्हणून तर ही बाई सगळ्यांना गाव विचारायची. मला तेव्हा कुठे उमगलं.

मग सबेकुनच्या झोपडीवर माणसं आली. अंधार पडला की छावणीत पोलीस नसायचे, राज्य त्यांचंच. तोंडाला फडकी, हातात बंदुका. दोन-तीन टोळ्या, एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. पोरांना उचलून सीमेपलीकडच्या लढाईत पाठवायचं, गोळ्यांचा धंदा करायचा, नशेच्या गोळ्यांचा, आणि कोणी तोंड उघडलं तर सकाळी गटारात प्रेत. त्यांनी सबेकुनला सांगितलं, मुलींचा क्लास बंद. तिने बंद केला नाही. दुसऱ्यांदा आले तेव्हा म्हाताऱ्या आजीला ढकलून पाडलं.

नेमकं त्याच सुमाराला ऊद मेथाच्या हॉलमध्ये आपल्या मराठी मंडळींनी व्याख्यान ठेवलं होतं. भारतातून आलेले एक निवृत्त अधिकारी, विषय: शेजारी देशांतले निर्वासित आणि आपली सुरक्षा. वडे, चहा, मग व्याख्यान. मी, माझी लेक इरा आणि आपा तिसऱ्या रांगेत. पडद्यावर नकाशा आला. आराकानातून जाडजूड लाल बाण निघालेले, एक इकडे, एक तिकडे, एक थेट आपल्याकडे. साहेब काठी टेकवून सांगत होते, हा लोंढा म्हणजे टाइम बॉम्ब आहे, ह्यांच्यात अतिरेकी आहेत, ड्रग्ज आहेत, मानवी तस्करी आहे. लोक माना डोलावत होते. वडे चांगले झाले होते, माना डोलवायला काय जातं!

प्रश्नोत्तरांत आपा उठल्या. छत्री हातात. शुद्ध मराठीत बोलायला लागल्या, त्या खूप चिडल्या की शुद्ध बोलायच्या.

"साहेब, त्या लाल बाणात माणसं किती मावतात?"

हॉलमध्ये थोडं हसू.

"तुम्ही सांगितलंत ते खरं आहे. बंदुकवाले आहेत, गोळ्यांचा धंदा आहे, बोटीत भरून मुली विकणारे आहेत. मला माहीत आहे, मी दर शुक्रवारी ऐकते. पण त्या बंदुकीची पहिली गोळी कोणाला लागते? तुम्हाला? मला? तिथल्याच मास्तराला लागते, तिथल्याच पोरीला लागते. तुम्ही मघापासून सुरक्षा सुरक्षा म्हणताय. कोणाची? त्या पोरीच्या सुरक्षेचा बाण दाखवा ना एखादा! कुठल्या दिशेने जातो तो?"

"मॅडम, इमोशनल होऊन चालत नाही. नॅशनल सिक्युरिटीचा विषय आहे."

"आमच्या रत्नागिरीत इंग्रजांनी बर्माचा अख्खा राजा आणून ठेवला होता, बायकापोरांसकट. कोकणाची सुरक्षा गेली नाही. आता पाटी-पेन्सिल मागणाऱ्या मुलीने जाते?"

मी टाळ्या वाजवल्या. माझ्या एकटीच्याच होत्या. संयोजक लगबगीने माइककडे आले. "आपा, प्लीज, विषय सेन्सिटिव्ह आहे. आपण चहानंतर बोलू." चहानंतर डोंबल कोण बोलतंय! सगळे पार्किंगकडे पळाले. गाडीत इरा म्हणाली, "आई, आपा वॉज राइट ना? देन व्हाय वॉज एव्हरीवन लुकिंग ॲट द फ्लोअर?" मी गाडी सुरू केली. आपा मागच्या सीटवर बसून नुसत्या छत्रीचं बटण उघडबंद करत होत्या.

सबेकुनला तिथून काढायचं, हे आपांनी मनावर घेतलं. फोन, ईमेल, ओळखीचे वकील, ओळखीच्यांचे ओळखीचे. सगळीकडे पहिला प्रश्न, नॅशनॅलिटी? नाही. मग पासपोर्ट? नाही. मग सॉरी, मॅडम. एकाने तर विचारलं, "देन हाउ डू वी नो शी एक्झिस्ट्स?" मी स्पीकरवर ऐकत होते. आपांनी फोन माझ्या हातात दिला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

त्या शुक्रवारी सबेकुन क्लासबद्दल काहीच बोलली नाही. शेवटी म्हणाली, "आपा, आप बोलो. बंद कर दूँ?"

आपा बरणीकडे बघत राहिल्या. आयुष्यभर ज्या बाईने शाळा बुडवणाऱ्या पोरांना घरून कान धरून आणलं, तिच्या तोंडून ते बाहेर पडेना. मग म्हणाल्या, "बंद कर, बेटा. तू जिंदा रह. क्लास फिर होगा."

सबेकुनने बंद केला. तर ती माणसं परत आली, आता तिलाच मागायला. त्यांच्यातल्या एकाला लग्न करायचं होतं. म्हणे, मास्तरीण पाहिजे. हे नूरने सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून शिवी गेली, इरासमोर. तक्रार करायची तर कोणाकडे? कुंपणाच्या आतल्या माणसाचं ऐकायला कुंपणाबाहेरच्यांना वेळ नव्हता, आणि जगाने तर तो विषय कधीच फाइल करून टाकला होता.

मग दलाल आला. मलेशिया, बोट, तिथे काम, तिथे आपली माणसं. आपांनी दोन शुक्रवार तिला बजावलं. "समंदर में मत जा. मैं समंदर की हूँ, मुझे मालूम है. वो बोट नहीं, डब्बा है." सबेकुन शांतपणे म्हणाली, "आपा, यहाँ रात में आते हैं. वहाँ कम से कम पानी है, आदमी नहीं." आपांनी बरणी जरा सरळ केली, फोन पुन्हा टेकवला.

पुढच्या शुक्रवारी बरणीला टेकवलेल्या फोनवर नुसती रिंग वाजत राहिली. त्याच्या पुढच्याही. छावणीतल्या बायकांनी नूरला कळवलं की बोट सुटली, एवढंच माहीत आहे. कुठल्या तरी किनाऱ्यावरून एका बोटीला परत समुद्रात ढकलल्याची बातमी मी फोनवर वाचली. दोन ओळींची. त्यात त्या माणसांना "बेकायदेशीर स्थलांतरित" म्हटलं होतं आणि किनारा "सुरक्षित" असल्याचं लिहिलं होतं. ती बोट सबेकुनची होती की दुसरी, कोणास ठाऊक. तो शब्द वाचून मला फोन भिंतीवर मारावासा वाटला होता. सुरक्षित म्हणे!

आपा बदलल्या नाहीत, असं वरवर कोणालाही वाटलं असतं. लेन बदल, हॉर्न मार चालूच होतं. पण शुक्रवारी जेवणं झाली की त्या बरणीला फोन टेकवून साधा कॉल लावायच्या. रिंग आता वाजतही नव्हती, बाई अरबीत आणि इंग्लिशमध्ये सांगायची की हा नंबर उपलब्ध नाही. नूर शेजारी बसायची. दोघी ते ऐकायच्या, मग चहा करायच्या.

पुढच्या मार्चमध्ये आपा रिटायर झाल्या. व्हिसा संपत आला. मुलगा कॅनडात ये म्हणत होता, त्या म्हणाल्या, "नको रे, माजा गाव हाय." आणि लगेच गप्प झाल्या. तेव्हा नूर तिथेच भांडी बांधत होती.

एअरपोर्टवर दुपारी आम्ही तिघीच पोचवायला गेलो, मी, इरा आणि नूर. आपांनी लोणच्याची बरणी नूरला दिली होती, ती तिने कडेवर मुलासारखी धरली होती. आम्हाला रांगेच्या पट्ट्याच्या अलीकडेच थांबवलं. आपा रांगेतून पुढे गेल्या. पासपोर्ट बघायला एअरलाइनच्या युनिफॉर्ममधली एक तरुण मुलगी उभी होती, मुंबईची असावी. नाव वाचून तिचा चेहरा खुलला.

"परकार? कोकणातल्या का? गाव कुठलं, काकू?"

साधा प्रश्न. आपांनी हजारांना विचारलेला. त्या उत्तर द्यायला तोंड उघडतायत आणि शब्द फुटत नाहीये. मुलगी गोंधळली. "सॉरी काकू, सहज विचारलं." आपा मागे वळल्या आणि आमच्याकडे बघायला लागल्या. माझ्याकडे नाही, नूरकडे. रांग खोळंबली, मागचा माणूस "यल्ला, यल्ला" करायला लागला.

नूर पट्ट्याला चिकटून उभी होती. जी बाई बसमध्ये लहान मुलाशीसुद्धा कुजबुजत बोलायची, ती त्या गर्दीत, पोलीस उभे असताना, एवढ्या मोठ्याने ओरडली की बरणी तिच्या हातातून सुटता सुटता राहिली.

"आपा! बोरोइफारा! मेरा गाँव बोरोइफारा! मेरा और सबेकुन का!"

कोणी वळूनही पाहिलं नाही. त्या नावाचा अर्थ तिथे कोणाला कळणार होता? पोलिसाने जांभई दिली. रांगेतल्या एका बाईने बॅग पुढे सरकवली.

आपांनी छत्री वर केली, लिफ्टमध्ये डोलावली होती तशीच मान डोलावली, आणि तिथूनच, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"हां! आता वळखलं!"

मग त्या मुलीकडे वळून त्यांनी आपल्या गावाचं नाव सांगितलं आणि आत गेल्या.